शुद्ध मराठीतला बडग्या

चहा आधी पिऊन घ्या. नंतर हसता हसता ठसका लागला तर आमच्या घरी मलाच बोलणी बसतील.

फजिती काय, सगळ्यांचीच होते. कोणी पाय घसरून पडतो, कोणाला दुसरा ढकलतो. पण माझी जी फजिती झाली ना, तिच्यात मला कोणी ढकललं नाही. मी स्वतः सकाळी आंघोळ करून, इस्तरीचा शर्ट घालून, चालत चालत तिच्यात गेलो. बरं, एकटा गेलो असतो तर झाकलं तरी गेलं असतं. सोबत हेडसरांना घेऊन गेलो! आता बोला!

एकाहत्तरची लढाई होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. इतवारीच्या अलीकडे एका शाळेत मी मराठीचा नवा मास्तर लागलो होतो. देशकर सर. नोकरी लागली होती, पण कायम झालो नव्हतो. आणि कायम नसलेल्या मास्तराला तेव्हा कोणी मुलगी देत नव्हतं हो! पारशिवनीचं एक स्थळ आलं होतं. मला मुलगी पसंत, मुलीला मी पसंत, पत्रिकाही जुळली. जाताना मुलीचे वडील माझ्या बाबांना म्हणाले, "मास्तर कायम झाले की कळवा, दुसऱ्या दिवशी सुपारी फोडायला येतो." म्हणजे माझी नोकरी आणि माझं लग्न, दोन्ही हेडसरांच्या एका सहीला लटकलेलं.

अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? तोंड मिटून राहतो. आणि नेमकं तेच मला जमत नव्हतं. कोणी अशुद्ध बोललं की माझ्या अंगाची लाहीलाही व्हायची. 'मले' ऐकलं की डोकं फिरायचं, 'काहून' ऐकलं की कान तापायचे. आता नागपुरात राहून 'मले' आणि 'काहून' ऐकायचं नाही म्हणजे कसं हो जमेल? घरात माझी आईच म्हणायची. एकदा तिला दुरुस्त करायला गेलो तर लाटणं घेऊन उभी राहिली. "मले शिकवून राहिला काय रे? तुले बोलायले कोणी शिकवलं? मीच ना?" यावर व्याकरणात उत्तर नाही.

इतवारीत गेलो की दुकानांच्या पाट्या वाचत फिरायचो आणि आत जाऊन दुकानदाराला चुका सांगायचो. एक कापडवाला हात जोडून म्हणाला, "मास्तर, कापड घ्या, नका घेऊ, पण गिऱ्हाईक बसलं आहे, ऱ्हस्व-दीर्घ उद्या करा."

वर्गात तर माझंच राज्य. पोरगं वाचायला उभं राहिलं आणि कुठे जीभ घसरली, की मी असा "चूऽऽक!" म्हणून ओरडायचो, की शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या सरांनी एकदा घाबरून बरोबर आलेलं उत्तर पुसून टाकलं होतं.

आता भोंग्याचं सांगतो. लढाईच्या वेळी शाळेला हाताने फिरवायचा एक भोंगा मिळाला होता. लढाई संपली, भोंगा राहिला. मग जवळच्या कापसाच्या गोदामाला आग लागली, तेव्हा शाळेच्या कमिटीने ठरवलं की हा भोंगा आता आगीसाठी ठेवायचा. व्हरांड्यात टेबलावर मांडला. नियम असा, की भोंगा वाजला की हातातलं सगळं टाकून अख्खी शाळा रांगेने मैदानात. दांडा फिरवला की तो आधी म्हाताऱ्यासारखा कण्हायचा आणि मग असा बोंबलायचा, की दोन गल्ल्या पलीकडचे हातगाडीवाले थांबायचे.

पोट्टेच ते! त्यांना असा भोंगा दाखवायचा आणि वर सांगायचं की हात लावू नका? आठ-पंधरा दिवसांनी भोंगा वाजायला लागला. आग नाही, धूर नाही, काही नाही. शाळा मैदानात उन्हात उभी, हेडसर डोकी मोजताहेत, आणि तास बुडाला. कोणाचा तास? माझा! नववी 'ब' मधला माझा व्याकरणाचा तास. भूगोलाच्या वेळी आग लागत नाही, गणिताच्या वेळी लागत नाही, समास काढला की लागलीच म्हणून समजा.

हेडसरांनी मला बोलावलं. हेडसर म्हणजे शांत माणूस, आवाज कधी चढला नाही. म्हणाले, "देशकर, भोंगा नेहमी तुमच्याच तासाला वाजतो. म्हणजे वर्गातून कोणीतरी बाहेर जात असेल. आज कोण गेलं होतं?"

मी विचारात पडलो. गेलं तर कोणीतरी होतं. "सर, नाव नाही लक्षात. पण जो गेला, तो 'मले पाणी प्यायले जाऊ द्या' असं म्हणाला होता. मी ते वाक्य फळ्यावर लिहून त्यातल्या चुका समजावत होतो, तेवढ्यात तो गेला."

हेडसरांनी चष्मा काढून पुसला. "देशकर, या शाळेत तसं न म्हणणारे तुम्ही एकटेच आहात. म्हणजे तुम्हाला सोडून बाकी सगळ्यांवर संशय घ्यायचा का?" मग जरा थांबून म्हणाले, "हे पाहा, तुमचं कायम करण्याचं माझ्याकडे आलं आहे. पण वर्ग सांभाळता येत नाही अशा माणसाला मी कायम कसा करू? पोळ्याच्या सुट्टीनंतर बोलू. तोवर भोंगेवाला सापडला पाहिजे."

झालं! पारशिवनीची सुपारी डोळ्यांसमोरून गडगडत गेली.

शिक्षकांच्या खोलीत येऊन मी पोरांच्या नावाने शंख केला. समोर मेश्राम बाई बसल्या होत्या. या चित्रकलेच्या बाई. वयाने माझ्याएवढ्याच, पण वचक केवढा! छप्पनला वडिलांचं बोट धरून दीक्षाभूमीवर गेलेल्या, आणि तेव्हापासून कोणापुढे मान खाली घालायची नाही हे पक्कं केलेल्या. हातात खडू घेतला की एका रेषेत बैल, दुसऱ्या रेषेत त्याचा मालक. मी मनातून त्यांना फार मानायचो. आणि तोंडाने रोज भांडायचो, कारण त्या मुद्दाम माझ्यासमोर 'मले' म्हणायच्या.

"काहून चिडून राहिले सर?" त्या म्हणाल्या.

"काहून नाही, का! का चिडता, असं म्हणा!"

"बरं, का चिडून राहिले?"

"राहिले नाही हो! बाई, तुम्ही शिक्षिका आहात! पोरांनी तुमच्याकडून काय शिकायचं?"

"चित्रं," बाई म्हणाल्या. "बोलायले त्यायच्या माया त्यायले शिकवतात. मी जर पोराले म्हटलं का तुझ्या मायची भाषाच चूक आहे, तर तो माह्या तासाले रंग धरीन का माही मान?"

यावर मी अर्धा तास बोललो. काय बोललो ते आता आठवत नाही, तेव्हाही कोणी ऐकत नव्हतं.

पोळा दोन दिवसांवर आला. आता तुमच्यातलं कोणी नागपूरबाहेरचं असेल तर सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. बांबू-कागदाची ही मोठी बाई, आणि तिच्या मागेपुढे गल्लोगल्लीचे बडगे. बडग्या म्हणजे पुतळा. वर्षभर लोकांना ज्याने छळलं त्याचा. कधी महागाईचा, कधी साठेबाजाचा. गळ्यात फलक अडकवायचा, वाजतगाजत मिरवायचा, "घेऊन जा गे मारबत!" म्हणून ओरडायचं आणि शेवटी गावाबाहेर नेऊन जाळायचा. वर्षाची पीडा गेली! लहान पोरंही आपापल्या गल्लीचा छोटा बडग्या काढतात.

तर नववी 'ब' चा पुढारी गज्या माझ्याकडे आला. एरवी हा पोरगा माझी सावली दिसली तरी रस्ता बदलायचा. "सर, आमच्या गल्लीचा बडग्या आहे. फलक तुम्ही लिहून द्याल का? तुमचं अक्षर चांगलं आहे. आणि... आम्ही लिहिला तर अशुद्ध होईल."

माझे कान खरे आहेत ना, असं वाटलं मला. शुद्धलेखनासाठी पोरगं आपण होऊन आलं! पण मीही काही कच्चा नव्हतो. म्हटलं, "लिहून देतो. पण आधी सांग, भोंगा कोण वाजवतो?"

गज्याने इकडेतिकडे पाहिलं. "सर, बडग्या त्याचाच आहे."

"कोणाचा?"

"आग नसताना भोंगा वाजवून साऱ्या शाळेला पळवणाऱ्याचा. नाव नाही सांगत सर, दोस्तीचा मामला आहे. पण मिरवणुकीत पाहाल तर लगेच ओळखाल. सगळे ओळखतील."

मला तर आनंदाने घाम फुटला! म्हणजे पोरांनाच पश्चात्ताप झाला, पोरंच चोर पकडून देताहेत, आणि तेही माझ्या अक्षरात! मी फलकच काय, सगळं द्यायला तयार झालो. गज्या म्हणाला, "सर, एखादा जुना कोट असेल का? बडग्या उघडाच आहे." मी माझा काळा कोट दिला. कोपरावर फाटला होता, पण दोन हिवाळे मी तोच घालून शाळेत गेलो होतो. चष्म्याची जुनी काडीही दिली. दानशूर कर्ण काय देईल असं मी दिलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या वर्गात आम्ही जमलो. बडग्याचा चेहरा मेश्राम बाई रंगवणार होत्या. "मले त्या मारबतीशी काही घेणं नाही," त्या म्हणाल्या, "पोट्ट्यांनी म्हटलं चेहरा काढून द्या, म्हणून काढून राहिले." कागदाच्या लगद्याचा मोठा मुखवटा स्टुलावर उभा केला होता, पाठ माझ्याकडे आणि तोंड बाईंकडे. मला त्यांनी खिडकीपाशी बसवलं. "इथं बसा सर, चांगला उजेड येते." मी खूश. किती काळजी बाईंना माझ्या डोळ्यांची!

मी फलक लिहायला घेतला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "सर, मी म्हणते 'मले' हेच बरोबर आहे. 'मला' हेच चूक."

बस! मी ताडकन उभा. तर्जनी वर, कपाळावरची शीर वर, तोंडाचा आ. "काऽऽय? बाई, शुद्ध भाषा म्हणजे..."

"तसेच राहा सर!"

"काहून?" माझ्या तोंडून निघून गेलं बघा. "म्हणजे, का?"

"तुमचा मुद्दा फार चांगला आहे. ऐकून राहिले मी."

आणि काय ऐकलं हो त्यांनी! माझ्याकडे निरखून पाहायच्या, मग कुंचला फिरवायच्या, पुन्हा माझ्याकडे पाहायच्या. एक डोळा मिटून, मान तिरकी करून. आयुष्यात कोणी माझं व्याकरण इतकं डोळे लावून ऐकलं नव्हतं. मी विभक्ती सांगितली, प्रयोग सांगितले. जरा दमून बसायला लागलो की बाई म्हणायच्या, "अन् ते इतवारीच्या पाट्यांचं काय म्हणत होते सर?" की मी पुन्हा उभा.

गज्या रंगाची वाटी धरून खालचा ओठ चावत बसला होता. "बाई, लाल संपला."

"अजून आण. सरांचा मुद्दा चालू आहे," बाई म्हणाल्या.

शेवटी मी फलक पुरा केला. असं अक्षर मी माझ्या लग्नाच्या पत्रिकेतही काढलं नाही. 'आग नसताना भोंगा वाजवून साऱ्या शाळेला पळवणाऱ्याला घेऊन जा गे मारबत!' तीनदा तपासलं, कुठे नख लावायला जागा नव्हती. चेहरा बघू म्हटलं तर बाईंनी त्यावर ओलं कापड टाकलं. "रंग वाळला नाही सर. परवा मिरवणुकीतच पाहा, नाही तर मजा जाईन." मी बापडा 'जाईन' नाही, 'जाईल' एवढं सांगून घरी आलो.

आता इथवर गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण घोडचूक अजून बाकी होती. मी तडक हेडसरांच्या घरी गेलो. म्हटलं, "सर, भोंगेवाला सापडला! परवा भर रस्त्यात त्याचा चेहरा दिसणार आहे. तुम्ही फक्त माझ्यासोबत चला."

हेडसर म्हणाले, "नक्की ना?"

"सर, याच्यावर माझं कायम करणं लावा!" कोणी सांगितलं होतं हे बोलायला?

मारबतीच्या सकाळी रस्त्यावर ही गर्दी! ढोल, ताशे, गुलाल. आम्ही एका दुकानाच्या ओट्यावर जागा धरली. मेश्राम बाईही तिथे आल्या. मोठे बडगे गेले, आणि मग आमच्या पोरांचा आला. हातगाडीवर उभा. लोक आधी फलक वाचायचे आणि म्हणायचे, "अक्षर काय सुंदर आहे बे!" मी हेडसरांना म्हटलं, "अक्षर माझं, सर."

"ते दिसतंच आहे," हेडसर म्हणाले. "कोट पण ओळखीचा वाटतो."

"कोटही माझाच दिला."

गाडी जवळ आली. बडग्याचं एक बोट वर, दुसऱ्या हातात डब्याचा केलेला भोंगा. कपाळावर ही फुगलेली शीर, तोंडाचा आ, डोळे बाहेर, गाल लालभडक. मी निरखून पाहिलं. म्हटलं, "सर, या माणसाला मी कुठेतरी पाहिलं आहे."

"मी रोज पाहतो," हेडसर म्हणाले.

तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अरे, हा तर पाटीवाला मास्तर!" आणि समोरच्या ओट्यावरून तो कापडवाला दोन्ही हात वर करून नाचायलाच लागला, "घेऊन जा गे मारबत! घेऊन जा!"

मला आधी थंडी वाजली, मग ताप आला. उडी मारून मी गाडीसमोर उभा राहिलो. समोर मी, वर मी. दोघांचंही बोट वर! लोक हसून हसून एकमेकांवर पडायला लागले.

"गज्या! भोंगा मी वाजवतो?"

"नाही सर," गज्या म्हणाला. "भोंगा तर आम्हीच वाजवतो. आळीपाळीने. सगळा वर्ग."

हेडसरांसमोर, बरं का! पण पोरगं घाबरलं नाही. "आम्ही आग नसताना वाजवतो सर, पण कधीमधी. तुम्ही तर रोज वाजवता. कोणाची एक मात्रा राहिली का असे ओरडता, का पहिल्या दिवशी आमाले खरंच वाटलं आग लागली. आम्ही पळालोच होतो! सदाशिव तर आता वाचायले उभाच नाही राहत. त्याले येते सगळं, पण तो बोलतच नाही. मग आम्ही ठरवलं, एक भोंगा आहे तर दुसरा वाजवून पाहू."

आयुष्यात पहिल्यांदा त्या वाक्यांत मला एकही चूक सापडली नाही. होत्या पुष्कळ. पण सापडली नाही. सदाशिव गाडीच्या मागेच उभा होता, आणि मला पाहून त्याने खरोखर तोंड मिटून घेतलं. तेव्हा मात्र मला माझी लाज वाटली.

मी वळून ओट्याकडे पाहिलं. हेडसर भिंतीला धरून उभे होते. मला वाटलं रागाने कापताहेत. जवळ जाऊन पाहतो तर डोळ्यांतून पाणी! एवढा शांत माणूस पोट धरून हसत होता. मी हात जोडले. म्हटलं, "सर, समजलं. उद्यापासून येत नाही."

"येत नाही कसं?" हेडसर म्हणाले. "अहो देशकर, तीस वर्षं मास्तरकी करतो आहे. पोरांना शिक्षा केल्या, छड्या मारल्या. माझा एकदाही बडग्या निघाला नाही! यांनी महागाई सोडली, साठेबाज सोडले आणि तुम्हाला धरलं. वर फलकही तुमच्याच हाताने लिहून घेतला, म्हणजे तुमच्या शुद्धलेखनावर त्यांचा केवढा विश्वास! वर्ग तुमचाच आहे. जा, कायम झालात. फक्त दोन्ही भोंगे बंद करा."

त्याप्रमाणे केलं. सुट्टीनंतर वर्गात गेलो आणि सदाशिवला म्हटलं, "वाच. आज मी ऐकायला बसलो आहे." तो थांबत थांबत वाचायला लागला. मध्ये दोन-चारदा माझं बोट आपोआप वर गेलं, ते मी दुसऱ्या हाताने खाली धरून ठेवलं. त्या दिवसापासून व्हरांड्यातला भोंगा खऱ्या आगीची वाट पाहत गंजला. आणि पारशिवनीहून सुपारीही आली.

पण एक गोष्ट मनात राहिली होती. मारबतीच्या त्या संध्याकाळीच सगळं आटोपल्यावर मी मेश्राम बाईंना गाठलंच. म्हटलं, "बाई, तुम्हाला मानलं! असा हुबेहूब चेहरा अख्ख्या नागपुरात कोणी काढू शकणार नाही. पोरांचंही पटलं. फक्त एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. एवढा रागीट मी नाही हो. तुम्ही राग जरा जास्त रंगवला."

बाईंनी हातावरचा गुलाल पदराच्या टोकाने पुसला आणि माझ्याकडे पाहिलं.

"जास्त? मी तर अर्धाच रंगवला सर. पुरा रंगवला असता, तर मारबत म्हणली असती, 'नको वं बाई, बाकी सारी पीडा नेते, याले तुम्हीच ठेवा!'"